छताला खिडकी

गेल्या वर्षी जुलैत एका सकाळी, फजरची नमाज आटोपून आम्ही दूध आणायला खाली उतरलो, तर आमच्या गाडीच्या छतातून पुदिना उगवलेला दिसला.

चेष्टा नाही. ऑइलपेंटचा दहा लिटरचा रिकामा डबा, त्यात काठोकाठ माती आणि मातीत हिरवागार पुदिना. रात्री वारा असा सुटला होता की खिडक्यांची तावदानं तासभर थडथडत होती. त्या वाऱ्यात चौथ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेरच्या जाळीवरून हा डबा निसटला आणि बरोबर सनरूफच्या काचेवर येऊन बसला. आतली सरकती फळी लावलेली होती म्हणून तो सीटवर न पडता तिथेच अडकला. काचेचा मात्र भुगा झाला होता. खडीसाखरेचं पोतं फुटावं तसे बारीक बारीक खडे छतावर, बोनेटवर, गटाराच्या कडेला. त्यावर पाऊस, आणि पावसात चिखल.

भायखळ्यात गाडी उभी करायला जागा मिळणं हीच केवढी मोठी नेमत, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. क्लेअर रोडच्या (पालिकेच्या पाटीवर मिर्झा गालिब मार्ग, आमच्या अम्मींच्या तोंडी अजून क्लेअर रोडच) आतल्या गल्लीत, जुन्या इमारतीच्या भिंतीला खेटून जी दीड हात जास्तीची जागा आहे तिथे आमची गाडी असते. ती जागा मिळाली तेव्हा शेजाऱ्यांनी आमचं अभिनंदन केलं होतं. वर चार मजले खिडक्या आणि प्रत्येक खिडकीबाहेर कुंड्या, डबे, बादल्या आहेत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आमच्याही नाही.

पहिला राग आला तो गाडीचा नव्हता. पाऊण तासात त्याच जागी शाळेच्या बसची वाट बघत सात-आठ मुलं उभी राहतात. आमचा धाकटा त्यातलाच. पाऊस असला की सगळी भिंतीला टेकतात, म्हणजे नेमकी त्या जाळीच्या खाली. आम्ही डब्याकडे बघितलं, वर बघितलं, आणि दुधाची पिशवी हातात तशीच ठेवून चार जिने चढलो. काय बोलायचं ते दुसऱ्या मजल्यापर्यंत पाठ झालं होतं.

दार उघडलं खालांनी. वय सत्तरीपुढे, मुलगा गेल्यापासून नातवाला घेऊन एकट्या राहतात आणि साडीला फॉल-पिको करून घर चालवतात. त्या रात्रभर झोपल्याच नव्हत्या. डबा पडल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता, पण कुणाला सांगायचं, कसं सांगायचं, म्हणून दाराशी बसून होत्या. आम्हाला बघून एवढंच म्हणाल्या, "टीचर, कुणाला लागलं तर नाही ना?"

पाठ केलेलं सगळं तिथेच राहिलं. आम्ही नाही म्हणालो आणि खाली आलो. राग मात्र उतरला नव्हता. तो कुणावर काढायचा हे कळेना, एवढंच.

मुळात ही सनरूफची हौस मुलांची. दोन वर्षांपूर्वी बिशीचे पैसे आणि थोडी शिल्लक घालून जुनी गाडी घ्यायची ठरली, ती अम्मींना दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात न्यायला आणि सुट्टीत कोकणात जायला. थोरलीने गाड्यांची यादी काढली आणि प्रत्येकीपुढे 'सनरूफ आहे/नाही' असा रकाना ठेवला. मुलांचे अब्बा म्हणाले, मुंबईत छताला खिडकी कशाला? मेमध्ये ऊन, जूनपासून पाऊस, उरलेल्या दिवसांत जेजे पुलाखालची धूळ. बोलणं खरं होतं. दोन वर्षांत ती काच मोजून आठ-दहा वेळा उघडली असेल. त्यातली एक वेळ ईदची, धाकटा त्यातून अर्धा बाहेर येऊन सगळ्या मोहल्ल्याला सलाम करत होता तेव्हाची. त्या दिवशी घरी आल्यावर त्याला जे ऐकावं लागलं ते अजून त्याच्या लक्षात आहे. लग्नाच्या वरातीत पोरं छतातून बाहेर काढलेल्या गाड्या आपण सगळेच बघतो आणि हसतो. पुढच्या रिक्षाने एकदा कचकन ब्रेक मारला की त्या पोराची छाती छताच्या लोखंडी कडेवर आदळणार, आणि गाडी जोरात असेल तर पोर गाडीत राहणारही नाही, हे बघताना आपल्याला सुचत नाही.

असो. आता छताला भोक होतं आणि जुलै होता.

घरात त्या सकाळी ज्या चुका होता होता राहिल्या त्या आधी सांगतो, कारण कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडतील. मुलांच्या अब्बांनी चावी फिरवून सनरूफचं बटण दाबायला हात नेला, 'सरकते का बघू' म्हणून. उस्तादांनी नंतर सांगितलं की तेव्हा बटण दाबलं असतं तर खडे रुळात दळले जाऊन रूळ आणि मोटर दोन्ही गेले असते. थोरलीने हाताने खडे गोळा करायला घेतले. हे खडे बोथट असले तरी नखात आणि बोटाच्या पेरात घुसतात. जाड हातमोजे, केरसुणीपेक्षा व्हॅक्यूम, आणि सीटच्या फटीत पुन्हा पुन्हा, कारण आठवड्याने कुणीतरी बसताना एक खडा टोचतोच. भोकावर टारपोलीन टाकून कडेने चिकटपट्टी लावली. ती रंगावर दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, रंग उचलला जातो. गाडी हलवायचीच असेल तर सावकाश, आणि दार लावताना एक काच थोडी खाली ठेवून, नाहीतर आतल्या हवेच्या दाबाने टारपोलीन फुग्यासारखं वर येतं. ते आमचं आलं.

उस्ताद म्हणजे आमच्या गल्लीपासून दोन मिनिटांवर गॅरेज चालवणारे चाचा. सगळं आयुष्य प्रीमियर पद्मिनी टॅक्सीखाली पडून गेलेलं. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा चाचांनी दिवसभर गॅरेज बंद ठेवलं होतं. संगणक लावून गाडी तपासायचं काम आता त्यांचा मुलगा बघतो. त्याने साबू सिद्दिकमधून ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला आहे. बापाचा कान आणि मुलाचा लॅपटॉप, अशी ती जोडी. मुलाने फोटो काढले, चाचांनी आत डोकं घातलं, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मॅडम, काच छोटी बात है. मिट्टी बडी बात है." तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ लागला नाही.

विम्याचं आम्हाला त्याच दिवशी कळलं. गेल्या नूतनीकरणाला आम्ही काटकसर म्हणून फक्त थर्ड पार्टी विमा घेतला होता. गाडी जुनी झाली, कशाला मोठा हप्ता, असं आम्हीच म्हणालो होतो. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे, पण तो आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आपल्या काचेला त्यातून एक पैसा मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग पॉलिसीत असता तर वरून डबा पडणं हा अपघातच धरला गेला असता. आणखी एक गोष्ट वाचून तर आम्हाला जास्तच हळहळ वाटली: गाडी जुनी म्हणून विमावाले प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे पन्नास टक्के कापतात, पण आपल्याकडच्या मोटार विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे काचेवर घसारा शून्य असतो. दाव्यातले पहिले 1,000 रुपये (1,500 सीसीपेक्षा मोठं इंजिन असेल तर 2,000) तेवढे आपले. अर्थात दावा केला की 'नो क्लेम बोनस' जातो, आणि तो पहिल्या वर्षी 20 टक्के असला तरी पाच वर्षं दावा न करणाऱ्याचा 50 टक्क्यांपर्यंत चढलेला असतो, म्हणून लहानशा काचेसाठी दावा करावा की नाही याचा हिशोब कागदावर मांडून बघावा. आमच्यापुढे हा प्रश्नच नव्हता.

एका ओळखीच्या गृहस्थांनी तोडगा सुचवला. आज मोठा विमा काढा, आठवड्याने काच फुटली म्हणा. अशी खंड पडलेली पॉलिसी नव्याने देताना कंपनी आधी गाडीची पाहणी करते, हे त्यांना ठाऊक नसावं. पण पाहणी करत नसती तरी? सातवीच्या वर्गात खोट्या सहीचं प्रगतिपुस्तक आणणाऱ्या पोराला आम्ही काय सांगतो ते आम्हाला आठवलं. आम्ही चहा दिला आणि विषय बदलला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने फोनवर आकडा सांगितला 32,000. काच वेगळी मिळत नाही, चौकटीसकट अख्खी जोडणी बदलावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पगारातून घरभाडं, थोरलीच्या क्लासची फी आणि अम्मींची औषधं वजा केली तर हा आकडा चार महिन्यांचा होता.

दरम्यान एक गोष्ट आम्हाला छळत होती. घरात चहाचा ग्लास फुटला की पात्यासारखे धारदार तुकडे होतात. ही एवढी मोठी काच फुटून खडे कसे झाले? आम्ही उर्दू-मराठीचे शिक्षक, शास्त्र शेजारच्या वर्गात शिकवलं जातं. मधल्या सुट्टीत सायन्सच्या मॅडमना विचारलं. त्यांनी डब्यातली पोळी बाजूला ठेवून फळ्यावर आकृतीच काढली.

गाडीच्या बाजूच्या आणि बहुतेक सनरूफच्या काचा टफन्ड असतात. काच कापून, कडा घासून, भोकं पाडून आधी पूर्ण तयार करतात, मग ती 600 अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. वरचा थर झटकन थिजतो, आतला अजून गरम असतो. आतला सावकाश थंड होऊन आकसू बघतो, पण बाहेरचा त्याला आकसू देत नाही. म्हणून वरचे थर कायम दाबलेले आणि आतला गाभा कायम ताणलेला. ही ओढाताण आहे तोवर काच साध्या काचेच्या कित्येक पट मजबूत. पण एखादा ओरखडा आतल्या ताणापर्यंत पोहोचला की सगळी काच एकाच क्षणी सुटते आणि खडे होतात. त्यामुळेच टफन्ड काच नंतर कापता येत नाही की भोक पाडता येत नाही. आणि तिची कड हीच तिची नस. मधोमध दगड सोसेल, कडेवर टिचकी सोसणार नाही.

समोरची काच वेगळी. ती दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा घालून चिकटवलेली, लॅमिनेटेड. फुटली तरी कोळ्याच्या जाळ्यासारखी जागच्या जागी राहते. एदुआर बेनेदिक्तुस नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून प्रयोगशाळेतली एक चंबू 1903 साली खाली पडली, तडकली पण विखुरली नाही, कारण आत सुकलेल्या द्रावाचा थर होता. त्यावरून त्याला ही युक्ती सुचली असं सांगतात. 1909 मध्ये त्याने पेटंट घेतलं. काही नव्या मोटारींच्या छतालाही आता लॅमिनेटेड काच असते. आपल्या गाडीची कुठली, हे काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक छापावरून कळतं. तिथे बनवणाऱ्याचं नाव, काचेचा प्रकार आणि आयएसआयची खूण असते. मोटार वाहन नियमांतला नियम 100 गाडीला सुरक्षा काचच हवी म्हणतो, आणि रस्त्यावरच्या वाहनांच्या अशा काचेसाठी भारतीय मानक आहे आयएस 2553, भाग 2. जो दुकानदार छाप नसलेली काच 'तीच आहे' म्हणून देतो, त्याच्याकडून घेऊ नये.

मॅडमनी जाता जाता सांगितलं की काचेचं आणि आपल्या मुलखाचं नातं जुनं आहे. लोकांकडून एक-एक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावला 1908 साली काच कारखाना निघाला. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगल्यांचा. तिथल्या प्रभाकर कंदिलाची काच कोकणातल्या आमच्या नानीच्या घरीही होती, राखेने पुसायची, ओल्या हाताने लावली की टिचायची. आता भोसरी आणि चाकणला गाड्यांच्या काचा बनतात. घंटा झाली आणि पोळी तशीच राहिली.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही आणि चाचांचा मुलगा बाजारात निघालो. मुंबईत गाडीच्या सुट्या भागांचे बाजार बरेच: ऑपेरा हाउसकडची नव्या मालाची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या मालासाठी, आणि आमच्या घरापासून चालत जावं एवढ्या अंतरावर चोर बाजार. आम्ही जिथे गेलो तो यांतला कुठला, हे लिहीत नाही. चांगला-वाईट माणूस प्रत्येक बाजारात असतो, आणि एका दुकानाच्या कृत्याचा डाग सगळ्या गल्लीला लागू नये.

तिसऱ्या दुकानात काच मिळाली. आमच्याच मॉडेलची, आमच्याच रंगछटेची, कडेचं रबर शाबूत. भाव 6,000. मुलाने नख कडेवरून फिरवलं; कुठे खवला नाही, टवका नाही. छाप बरोबर. आम्ही पर्समध्ये हात घातला. 32,000 च्या जागी 6,000! मनातल्या मनात थोरलीची फी भरूनही झाली.

मग तो ती काच उजेडात तिरपी धरून बघायला लागला आणि एका जागी थांबला. मागच्या कोपऱ्यात, छापाच्या विरुद्ध बाजूला, बोटभर लांबीचा एक पट्टा धुरकट होता. बाकी काच आरशासारखी आणि तेवढाच पट्टा चहाच्या वाफेने भरल्यासारखा. त्याने आम्हाला हात लावायला लावला. खरखर लागली. कुणीतरी तिथे पॉलिश पेपर घासला होता.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: बरेच लोक गाडीच्या काचांवर गाडीचा नंबर कोरून घेतात, चोरी झाली तर काचा विकता येऊ नयेत म्हणून.

दुकानदाराला विचारलं, ही कुठल्या गाडीची? म्हणाला, ॲक्सिडेंटची. गाडीचा कागद? हसला. म्हणाला, "मॅडम, पुराने माल का कागज कौन रखता है?" पण ठेवतात. अपघातात भंगार झालेली गाडी विमा कंपनीच्या लिलावातून घेणाऱ्याकडे त्या लिलावाचा कागद असतो, आणि नीट धंदा करणारे दुकानदार मागितला की दाखवतात. इथे 'चोरीची आहे' असं कुणी म्हटलं नव्हतं. 'नाही' असंही कुणी म्हणू शकत नव्हतं. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे आम्ही नंतर वाचलं. दुकानात उभं असताना कलम आठवलं नाही. आठवली ती दुसरी एक गल्ली, तिथे सकाळी दूध आणायला उतरलेला कुणी माणूस आणि त्याची गाडी उभी असायची ती रिकामी जागा.

पण एक खरं सांगू? आम्ही ती काच लगेच खाली ठेवली नाही. दोन-तीन मिनिटं हातात धरून उभे होतो. 26,000 चा फरक होता आणि पट्टा बोटभरच होता. बसवल्यावर तो छताच्या मागच्या रबराखाली गेला असता, कुणाला दिसलाही नसता. शेवटी ती ठेवली कशामुळे, हे आम्हाला अजून नीट सांगता येत नाही. बरोबर चाचांचा मुलगा नसता, एकटे असतो, तर काय केलं असतं, हा प्रश्न त्या रात्री इशाच्या नमाजनंतरही गेला नाही.

सोमवारी ऑपेरा हाउसला गेलो. काउंटरवरच्या वयस्क माणसाने मॉडेल विचारलंच नाही; म्हणाला, आरसीवरचा चॅसी नंबर द्या. सतरा अक्षर-अंकांचा तो नंबर घातल्यावर संगणकावर आमच्या गाडीचं छत सुटं सुटं होऊन दिसलं: चौकट वेगळी, मोटर वेगळी, रबर वेगळं, काच वेगळी. प्रत्येकाला आपापला पार्ट नंबर. म्हणजे काच सुटी मिळत होती! अख्खी जोडणी बदलण्याची गरज कुणाला होती, कुणास ठाऊक. नवी काच, बिलासकट, 17,800. चार दिवसांनी येईल. खर्चाचं अंदाजपत्रक हातात आलं की 'या भागाचा पार्ट नंबर काय' एवढा एक प्रश्न जरूर विचारावा. आमचे 14,000 त्या प्रश्नाने वाचले, आणि तो प्रश्न आम्हाला सुचलेला नव्हता, हेही नोंदवून ठेवतो.

काच बसवायचं काम प्रत्यक्षात अर्ध्या तासाचं. चांदणीसारख्या डोक्याचे सहा स्क्रू, ज्यांना गॅरेजात स्टार म्हणतात, तेवढ्यावर ती काच उभी असते. पण त्या आधी चाचांनी अडीच तास घेतले, आणि 'मिट्टी बडी बात है' म्हणजे काय ते तेव्हा कळलं.

आमची समजूत अशी की सनरूफच्या भोवतीचं रबर पाणी अडवतं. चाचा म्हणाले, रबर हा नुसता पडदा. थोडं पाणी त्यातून आत येणारच, ते आत यावं असंच बनवलेलं असतं. काचेच्या भोवती चौकटीत पन्हळ असते, पाणी त्यात पडतं, आणि पन्हळीच्या चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या दारांच्या खांबांतून खाली उतरून गाडीच्या पोटाखाली पाणी सोडतात. त्या तुंबल्या की पन्हळ भरते आणि पाणी गाडीत. 2023 साली डोंगरातल्या एका धबधब्याखाली उभ्या केलेल्या नव्या गाडीच्या छतातून आत धार लागल्याचा व्हिडिओ देशभर फिरला होता. तेव्हा भांडण सगळं काच नीट बंद होती की नव्हती यावर झालं. पावसाळ्यात गाडीच्या पायपुसण्याखाली पाणी साचतं, कुबट वास येतो, तेव्हा लोक काच नाहीतर रबर बदलतात. दोष बहुधा या नळ्यांचा असतो.

आमच्या पन्हळीत खालांच्या डब्यातली अर्धी माती, शेणखत, पुदिन्याची मुळं आणि काचेचे खडे असा चिखल झाला होता. पुढच्या दोन्ही नळ्या बंद. चाचांनी कॉम्प्रेसरची हवा मारली नाही. म्हणाले, जोराच्या हवेने नळी खांबाच्या आतच निसटते, मग सगळं अस्तर उतरवावं लागतं. गवत कापायच्या यंत्रात असते तशी नायलॉनची तार वरून हळूहळू घालून, कोमट पाणी सोडून, पुन्हा तार. शेवटी चहाच्या पेल्याने एका कोपऱ्यात पाणी ओतलं आणि पुढच्या चाकामागून थेंब थेंब, मग धार आली, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. दरवर्षी मेमध्ये आपण पालिकेच्या नालेसफाईच्या नावाने बोटं मोडतो. आपल्या डोक्यावरचे चार नाले दोन वर्षांत आम्ही एकदाही बघितले नव्हते.

मग काच. पुढची कड छताला समतल किंवा केसभर खाली, मागची समतल किंवा केसभर वर. उलटं झालं तर वेगात शीळ वाजते. चाचांनी ते बोटाच्या टोकाने मापलं, मुलाने पट्टीने; दोघांचं माप एकच निघालं. रुळाला त्याचंच ग्रीस. शेवटी बटण धरून ठेवून काच एकदा पूर्ण उघडून-मिटवून घेतली. मोटरला आपली हद्द नव्याने शिकवावी लागते म्हणे, नाहीतर मध्येच हात आला तर थांबायचं ते यंत्र थांबत नाही. धाकट्याने हे सगळं डोळे मोठे करून बघितलं. मजुरी 2,000.

आता खाला.

काच फुटली त्याच संध्याकाळी त्या खाली आल्या होत्या. पदराच्या गाठीत बांधलेले पैसे, किती ते त्यांनी मोजलेही नव्हते. आम्ही घेतले नाहीत. "खाला, वाऱ्याचं काय आपल्या हातात," वगैरे म्हणालो. त्या काही न बोलता निघून गेल्या, आणि मग आठवडाभर जिन्यात दिसल्या की भिंतीकडे तोंड करायच्या. आमच्याकडे फॉलला दिलेली साडी त्यांनी नातवाच्या हातून परत पाठवली, आणि पैसे घेतले नाहीत.

आम्ही अम्मींना म्हणालो, बघा, माफ केलं तरी रागावल्या.

अम्मी तसबीह बाजूला ठेवून म्हणाल्या, "तू माफ केलंस ते तुझ्या सोयीने. तिने जाळीवर डबा ठेवला हे तिला कळतंय, खाली मुलं उभी असतात हेही कळतंय. तिला ते फेडायचं आहे. तू तिचे पैसे परत केलेस म्हणजे तिला गरीब म्हणालीस."

"पण वीस हजार त्या कुठून देणार?"

"वीस हजार कोण म्हणालं? ती जे देईल ते घे."

मुलांच्या अब्बांना हे पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, कमावत्या माणसाने म्हाताऱ्या बाईकडून पैसे घेणं शोभत नाही, लोक काय म्हणतील. यावर आमच्या घरात दोनदा वाद झाला, एकदा तर जेवण थंड होईपर्यंत. दोघांचंही आम्हाला अर्धं-अर्धं पटतं.

शेवटी आम्हीच चार जिने चढलो. सांगितलं की काच बसली, एवढा खर्च आला, आणि बिल दाखवलं. खालांनी चष्मा लावून बिल वाचलं, आकडा दोनदा वाचला, आणि म्हणाल्या, दर महिन्याला 500. आम्ही बरं म्हणालो. मग त्यांनी चहा टाकला. त्या आठवड्यानंतरचा पहिला चहा. खिडकीबाहेरची जाळी रिकामी होती. त्यांची बघून तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही आपल्या दोन कुंड्या आत घेतल्या होत्या. पहिल्या मजल्यावरच्यांनी अजून घेतलेल्या नाहीत, पहिल्या मजल्यावरून काय पडणार म्हणतात. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. बसची मुलं आता समोरच्या दुकानाच्या छपराखाली उभी राहतात.

हिशोब घातला तर खालांचे हप्ते पुरे व्हायला तीन वर्षं आणि वर चार महिने लागतील. अम्मी ते पाकीट त्यांच्या औषधांच्या खणात ठेवतात, कुणाला हात लावू देत नाहीत. काय करायचं आहे ते सांगतही नाहीत. खालांचा नातू यंदा दहावीला आहे, एवढंच एकदा म्हणाल्या.

या महिन्याच्या एक तारखेलाही तो सकाळी पाकीट घेऊन आला. पाकिटाबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुदिन्याची जुडी होती. डबा आता त्यांच्या मोरीच्या कट्ट्यावर असतो, तिथे ऊन कमी येतं, म्हणून पानं जरा लहान झाली आहेत.